बाबांचा लाल ठिपका

आपली पाठ आपणच थोपटू नये असं म्हणतात. पण माझं काम समजून माझी पाठ थोपटेल असं जबलपुरात फारसं कोणी नाही, तेव्हा ते मलाच करावं लागतं. व्हिडिओ गेमच्या ज्या मशीनला चिप बसवायला बाकीचे दुकानदार हात जोडतात, त्या मशीनला मी चिप बसवते. शहरातल्याच गोरखपूर भागात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, आमच्याच घराच्या वरच्या खोलीत. बारा वर्षं झाली. खाली पाटी आहे, तिच्यावर नुसतं 'गेम रिपेअर' लिहिलंय. लोक जिना चढून येतात, मला पाहतात आणि विचारतात, "भैया नहीं हैं?" सुरुवातीला मी समजावून सांगायची. आता म्हणते, "भैया कभी थे ही नहीं, बैठिए."

चिप बसवणं म्हणजे काय ते आधी सांगते. हल्लीचं गेमचं मशीन सुरू होताना स्वतःचं एक कुलूप तपासतं. आत चालणारा प्रोग्रॅम कंपनीच्या परवानगीचाच आहे ना, हे बघतं, आणि नसेल तर जागचं हलत नाही. आपण बसवतो ती चिप नखाएवढी असते. नेमकी तपासणी चालू असताना ती प्रोसेसरला विजेची एक टिचकी मारते. मशीनचं लक्ष क्षणभर उडतं, तपासणी निसटते, आणि मग तुम्ही स्वतः लिहिलेला प्रोग्रॅमसुद्धा त्यावर चालतो. चोरीचे गेम भरून मागायला येणाऱ्यांना मी जिन्यावरूनच परत पाठवते. माझ्या नाकावरचा राग बाजारात सगळ्यांना माहीत आहे तो त्यामुळेच.

सांगायला हे सोपं आहे. जुन्या मशीनला चार तारा जोडल्या की काम व्हायचं. नव्या मशीनमध्ये मात्र जोडायच्या जागा बघूनच माणसाला घाम फुटतो. दोन जागा प्रोसेसरला अगदी खेटून, मोहरीच्या दाण्याच्या पाव भागाएवढ्या. तिसरी मेमरीच्या चिपच्या खाली, जिथे सुईसुद्धा शिरत नाही. तिथे कागदाहून पातळ पट्टी सरकवायची आणि तिचं टोक एका टिंबावर टेकवायचं. टिंब दिसत नाही. मीटरवरचा आकडा बघून ओळखायचं की पोचलो. श्वास रोखून धरायला लागतो, आणि खाली भाजीवाला ओरडला तरी हात हलता कामा नये. माझा हलत नाही. आजवर माझ्या हातून एकही मशीन मेलेलं नाही, आणि हे मी कोणालाही, न विचारता, सांगते.

एका माणसाला मात्र हे सांगून काही उपयोग नव्हता. ते म्हणजे माझे बाबा.

बाबा इथल्या सरकारी शस्त्रांच्या फॅक्टरीत एक्झामिनर होते. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत कोणी ना कोणी फॅक्टरीत नाहीतर रेल्वेत असतंच, त्यात विशेष काही नाही. पण एक्झामिनर म्हणजे बनवणारा नव्हे, तपासणारा. त्यांच्या सेक्शनचा एक नियम होता आणि तो आमच्या घरातही चालायचा: बनवणारा स्वतःचं काम पास करत नाही. तपासणी चालू असेपर्यंत बनवणाऱ्याने टेबलापाशी थांबायचंसुद्धा नाही, बाहेर जाऊन उभं राहायचं. "माणसाचं तोंड पाहिलं की हात मऊ होते," असं बाबा म्हणायचे. वस्तू पास झाली की स्क्रूवर लाल लाखेचा एक ठिपका पडायचा, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा शेजारच्या धातूवर. नंतर कोणी स्क्रू जराही फिरवला की ठिपका तडकायचा आणि लबाडी उघडी पडायची.

बाबा रिटायर झाले, पण ठिपका रिटायर झाला नाही. फॅक्टरीतली लाख मिळेना म्हणून त्यांनी लाल नेलपॉलिशची बाटली आणली. पंख्याच्या स्क्रूवर ठिपका, कुकरच्या हँडलवर ठिपका, माझ्या स्कूटरच्या आरशावर ठिपका. आई एकदा वैतागून म्हणाली, "एक दिवस माझ्या कपाळावरही लावाल." बाबा म्हणाले, "तुला तपासायची हिंमत कोणात आहे?" आई दिवसभर खूश होती.

या घरात माझंच काम तेवढं बिनठिपक्याचं होतं. शाळेत असताना मी खोक्यात दिवा लावून दाखवला, बाबा म्हणाले, "बरं आहे." पहिलं मशीन दुरुस्त केलं तेव्हाही "बरं आहे". मेमरीखाली पट्टी सरकवून पहिली चिप चालू केली, तेव्हा मी धावत खाली गेले होते. बाबांनी पेपर खाली केला, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा. बरं आहे." मी चिडून विचारलं की कुकरला ठिपका मिळतो, मग मला काहून नाही? ते शांतपणे म्हणाले, "कुकर मला समजतो. तू काय करून राहिली ते नाही समजत. जे समजत नाही ते मी पास करत नाही." मी वर जाऊन दार आपटलं, एवढंच.

मागच्या हिवाळ्यात एका सोमवारी शहराच्याच गढा भागातून एक मुलगी आली. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष. घरची मराठी, पण आमच्याकडच्या बऱ्याच मुलांसारखी मराठी समजायची जास्त आणि बोलायची कमी. तिच्या पिशवीत नव्या पडद्याचं, हातात धरून खेळायचं मशीन होतं. मेमरीखाली टिंब असलेलं, म्हणजे सगळ्यांत कठीण. मी नेहमीप्रमाणे आधीच दरडावलं की चोरीचे गेम भरून मिळणार नाहीत.

"नाही दीदी, मला माझा गेम चालवायचा आहे," ती म्हणाली. "मैंने खुद बनाया है."

तिने लॅपटॉप उघडून दाखवला. नर्मदेवरची एक नाव. खेळणाऱ्याने नावाडी व्हायचं आणि माणसांना या घाटावरून त्या घाटावर सोडायचं. मधे खडक, भोवरे आणि उलटसुलट प्रवाह. दोन वर्षं खपून तिने तो एकटीने केला होता. गेम बनवणाऱ्या एका कंपनीने तिला पुण्याला मुलाखतीला बोलावलं होतं. शनिवारी गाडी. "तिकडे सगळे लॅपटॉपवर दाखवतात," ती म्हणाली. "मला त्यांच्या हातात मशीन द्यायची आहे. एकदा हातात घेतली की समजेल." तिच्याकडे मशीन एकच होतं, आणि आधी दोन दुकानांनी तिला परत पाठवलं होतं. मी बिघडवलं असतं तर ती रिकाम्या हाताने गेली असती. मी म्हटलं, ठेव.

बाबा चहा घेऊन वर आले होते. मला वाटलं ठेवून खाली जातील. पण पडद्यावर नदी दिसली आणि ते तिथेच थांबले. थोडा वेळ पाहून त्यांनी मुलीला सांगितलं, "ग्वारीघाटापाशी पाणी असं नाही वळत. तू उलटं दाखवून राहिली."

मुलगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, घाबरू नको, यांना चूक सापडली म्हणजे यांना आवडलंय. तिने तिथल्या तिथे प्रवाह सुलटा केला. बाबांनी पुन्हा पाहिलं, मान हलवली, आणि मग माझ्याकडे वळून जे बोलले ते मी बारा वर्षांत ऐकलं नव्हतं.

"हिचं मशीन तपासल्याशिवाय नको जायला. मला ड्रॉइंग दे."

मी ड्रॉइंग काढलं. मोठ्या कागदावर, सगळ्या जागा, सगळ्या तारा, प्रत्येक टिंबावर मीटरने काय दाखवायला पाहिजे तो आकडा. सोमवार, मंगळवार, दोन्ही दुपारी बाबा माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. मायक्रोस्कोपला डोळा लावायची सवय त्यांना होतीच. टिचकीचं काय ते त्यांना पटेना. "म्हणजे तपासणाऱ्याचं लक्ष उडवायचं?" असं त्यांनी जरा नाराजीनेच विचारलं. मी म्हटलं, हो, मशीनचा एक्झामिनर क्षणभर दुसरीकडे पाहतो. ते म्हणाले, "आमच्याकडे सस्पेंड झाला असता." पण प्रश्न थांबले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला असा एक प्रश्न विचारला की त्याचं उत्तर मलाही शोधावं लागलं.

बुधवारी मी पट्टी सरकवली, तिची प्रोसेसरकडची दोन्ही टोकं सोल्डर केली, चिप बसवली. हात इतका सरळ चालला की मला स्वतःचाच हेवा वाटला. गुरुवारी दुपारी बोर्ड उघडाच टेबलावर ठेवला आणि बाबांना सांगितलं, तयार आहे.

"मग बाहेर जा," बाबा म्हणाले.

मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. वयाच्या चाळिशीत, स्वतःच्याच दुकानातून बाहेर काढलेली. खाली बाजार चालू होता आणि माझे कान आत लागले होते. आतून मीटरचा आवाज येई, मग कागदाची सळसळ. अर्ध्या तासाने हाक आली.

मी आत गेले. बोर्डवर लाल ठिपका होता.

डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. बाबा बाटलीचं झाकण लावत होते आणि मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हते. "सगळे आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "सोल्डर चांगलं आहे. माझ्या सेक्शनमध्ये असं दोघंच करायचे." मी खाली वाकून ठिपका जवळून पाहिला, आणि त्याच क्षणी मला कळलं की तो चुकीच्या जागी आहे.

बाबांनी तो स्क्रूवर लावला नव्हता, कारण माझ्या कामात स्क्रू नव्हताच. प्रोसेसरला खेटून पट्टीचं टोक होतं, तिथे त्यांनी तो लावला होता. अर्धा पट्टीवर, अर्धा बोर्डवर, नियमाप्रमाणे. आणि त्यांचा ठिपका कधी बारीक नसतो, मसुरीच्या दाण्याएवढा चांगला फुगीर असतो. त्या जागेवर पातळ पत्र्याचं झाकण बसतं आणि झाकणावर तांब्याची नळी, जी प्रोसेसरची गरमी पंख्यापर्यंत नेते. तिथे फट म्हणाल तर केसाएवढी. ठिपका पुसून टाकायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. स्पिरिट हाताशी होतं.

मी पुसला नाही. मनाशी म्हटलं, वाळल्यावर बसेल. म्हटलं, झाकणाखाली गरमी वाहून नेणारी पेस्ट लावतात, ती जरा जास्त लावते. खरं तर मला तो ठिपका हवा होता. मी झाकण दाबून बसवलं, नळी बसवली, मशीन बंद केलं. चालू केल्यावर चिपने दोनतीन टिचक्या मारल्या आणि काळ्या पडद्यावर ती इंग्रजी ओळ उमटली, आत कार्ड नाही म्हणणारी. तिचा अर्थ, कुलूप सुटलं; आमच्या धंद्यात यापेक्षा गोड ओळ नाही. कार्ड टाकून दोन मिनिटं नाव चालवून पाहिली आणि मशीन पिशवीत ठेवलं.

शुक्रवारी दुपारी मुलगी आली. तिने आपला खेळ हातात घेतला आणि खेळतच राहिली. नाव ग्वारीघाटावरून सुटली, प्रवाह बाबांनी सांगितल्यासारखा वळला. बाबा मागे उभे राहून बघत होते, जसं काही नदी त्यांनीच वाहती केली आहे. आठ-दहा मिनिटं झाली असतील. पडदा काळा झाला. मशीन बंद.

पुन्हा चालू केलं. चार मिनिटांत पुन्हा बंद.

मुलगी रडली नाही, पण तिचा आवाज बदलला. "दीदी, कल गाडी है," एवढंच म्हणाली. मी तिला स्टुलावर बसवलं आणि मशीन उघडायला घेतलं. बाबा म्हणाले, "कुठेतरी सोल्डर कच्चं राहिलं असेल. पण मी तर सगळं पाहिलं होतं." आणि माझ्या तोंडून निघालं, "असेल बाबा, माझंच कुठेतरी राहिलं असेल."

ज्या हाताबद्दल मी कोणाचं ऐकून घेत नाही, त्या हातावर मी स्वतःच खोटा आळ घेतला. वीस मिनिटं मी सगळे जोड पुन्हा तपासायचं नाटक केलं. सगळे बरोबर आहेत हे मला माहीत होतं. झाकण मी काढून बाजूला उलटं ठेवलं होतं, आणि माझ्या मागून कधी बाबांनी ते उचललं ते मला कळलं नाही.

"हे पाहा," ते म्हणाले.

पेस्ट तीन कोपऱ्यांत सारखी पसरली होती. चौथ्या कोपऱ्यात ती जशीच्या तशी जाड राहिली होती, कारण तिथे झाकण टेकलंच नव्हतं; गरमी नळीपर्यंत पोचत नव्हती आणि मशीन तापून बंद पडत होतं. आणि त्याच कोपऱ्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला, लाल रंगाचा गोल छाप. बाबांनी झाकण बोर्डवर धरून पाहिलं, मग काढलं, मग पुन्हा धरलं. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तीन दुपारींत ते हे काम शिकले होते.

"तुला दिसलं होतं?"

"हो."

"केव्हा?"

"तुम्ही लावला तेव्हाच."

"मग काहून नाही बोलली?"

"तुमचा ठिपका होता, बाबा. बारा वर्षांनी मिळाला."

मला वाटलं ते विरघळतील. ते रागावले. आवाज चढवून नाही, बाबांचा आवाज राग आला की उलट उतरतो. "तू माझं तोंड पाहून पास केलं," ते म्हणाले. "असं गप्प बसल्यामुळे आमच्याकडे माणसांचे हात गेले आहेत. या पोरीची नोकरी गेली असती. आणि वरून स्वतःच्या चांगल्या कामाला कच्चं म्हणून राहिली."

एवढं बोलून त्यांनी झाकण टेबलावर ठेवलं. मी मान खाली घातली. मुलीला सगळं समजलं असावं, ती स्टुलावर अवघडून बसली होती.

मग बाबांनी स्पिरिट घेतलं, कापूस घेतला, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि आपला ठिपका स्वतःच्या हाताने पुसून काढला. कापसाचे पाच-सहा बोळे लागले. पट्टीला धक्का लावला नाही. जुनी पेस्ट काढली, नवी लावली, झाकण बसवून चारी कोपरे बोटाने दाबून पाहिले. मी मधे पडले नाही. सगळं झाल्यावर त्यांनी मशीन माझ्यासमोर ठेवलं, शेजारी नेलपॉलिशची बाटली ठेवली, आणि उठून चालायला लागले.

"अंकल, आप कहाँ जा रहे हैं?" मुलीने विचारलं.

"आता हे काम माझं आहे," बाबा म्हणाले. "बनवणारा बाहेर थांबतो." आणि ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. मुलगी शनिवारी गाडीत बसली, मशीन तिच्या मांडीवर होतं आणि ते पुण्यापर्यंत आणि पुण्यातही एकदासुद्धा बंद पडलं नाही. समोरच्या माणसांनी ते एकमेकांच्या हातातून ओढून घेऊन खेळलं असं तिने फोनवर सांगितलं. ती आता तिथेच काम करते, आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. गेममध्ये ग्वारीघाटावर तिने एक म्हातारा प्रवासी घातला आहे. तो नावेत बसायच्या आधी तिचे खिळे तपासतो.

पण त्या शुक्रवारी हे काही माहीत नव्हतं. मी मुलीला म्हटलं, तू खेळ, पूर्ण एक तास. आणि मी घड्याळ लावून बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी नळीला बोट लावून पाहत होते, दोन्ही टोकांना सारखी कोमट. चाळीस मिनिटं झाली तेव्हा मला कळून चुकलं होतं. बाबांचं काम बिनचूक होतं. माझंही होतं. एका माणसाने आणि त्याच्या मुलीने मिळून जबलपुरात असं काम केलं होतं, ज्याला दोन दुकानांनी हातही लावला नव्हता. मी बाटली उघडून ठेवली; ठिपका मशीनच्या बाहेरच्या स्क्रूवर लावायचा होता, अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूला, अगदी बारीक, पण तास पुरा झाल्यावरच.

तेवढ्यात बाल्कनीतून आवाज आला. "साहेब, झालं का?"

बाबा आयुष्यात कोणाला साहेब म्हणाले असतील तर ते फक्त कामावर. ते कठड्याला धरून उभे होते, उन्हात, आणि वळून आत बघू लागले होते.

"तास पुरा व्हायचा आहे," मी ओरडून म्हटलं. "तिकडे तोंड करून उभे राहा."

ते खरोखर वळले आणि बाजाराकडे तोंड करून उभे राहिले. राहिलेली वीस मिनिटं मी त्यांच्या पाठीकडे बघत काढली. तोंड दिसलं असतं तर मी तेव्हाच पास म्हणून टाकलं असतं.